लीग बॉलिंगमध्ये फॉर्म गेला की... : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न टेनपिन बॉलिंगचे आहेत, क्रिकेटचे नाहीत. टेनपिन म्हणजे लेनवरून जड बॉल सोडून टोकाच्या दहा पिना पाडायचा खेळ: गेममध्ये दहा फ्रेम (पाळ्या), पहिल्याच बॉलला सगळ्या पडल्या तर स्ट्राइक, दुसऱ्या बॉलने उरलेल्या पाडल्या तर स्पेअर. अमेरिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ लीगला देणारी, १३० ते १८० च्या आसपास सरासरी असलेली मराठी मंडळी आता बरीच आहेत आणि त्यांच्या तक्रारी थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. मी मिशिगनमध्ये खेळतो, त्यामुळे थंडीचा भाग जरा जास्त आला आहे. दिशा सगळ्या उजव्या हाताने टाकणाऱ्यांसाठी दिल्या आहेत. डावखुऱ्यांनी उलट धराव्यात.

फॉर्म गेलाय असं नक्की कधी म्हणायचं? माझे गेले दोन आठवडे फार वाईट गेले.

दोन आठवड्यांवरून काही ठरत नाही. १६५ सरासरीचा माणूस एका गेमला १३० टाकतो आणि पुढच्याला २०० टाकतो, यात विशेष काही नाही. आधी हिशेब बघा. सीझनचे २० आठवडे झाले, म्हणजे ६० गेम, आणि सरासरी १६५ आहे. आज तीन गेम मिळून फक्त ४२० झाले, म्हणजे गेममागे १४०. तरी सरासरी १६३ वर येते. वाईट रात्र मनाला जितकी लागते तितकी कागदावर लागत नाही.

चार-पाच आठवडे सलग, म्हणजे बारा-पंधरा गेम, तुम्ही स्वतःच्या सरासरीच्या पंधरा-वीस पिन खाली असाल तर मात्र काहीतरी बिघडलंय असं समजा.

मग पहिलं काम काय? माझे स्ट्राइक पडणंच बंद झालंय.

असं सगळेच म्हणतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नसतं. पुढचे दोन आठवडे काहीही न सुधारता फक्त लिहून ठेवा. प्रत्येक फ्रेमला पहिल्या बॉलला किती पिन पडल्या, कोणत्या उरल्या, स्पेअर झाला की नाही. सेंटरचं स्कोअरिंग मशीन उरलेल्या पिना दाखवतं, पडद्याचा फोटो काढला तरी चालेल.

घरी येऊन दोन आकडे काढा: पहिल्या बॉलची सरासरी आणि एकच पिन उरलेल्या फ्रेममध्ये सुटलेले स्पेअर. पहिल्या बॉलला नऊ पडल्या आणि उरलेली एक चुकली, तर त्या फ्रेमचे ९ मिळतात. तीच पिन पाडली असती तर १० अधिक पुढच्या बॉलच्या पिना, म्हणजे साधारण १९. एका चुकलेल्या पिनचे दहा गेले. गेममध्ये असे दोन प्रसंग आले की १६५ चा माणूस १४५ वर येतो, आणि त्याच्या स्ट्राइकची संख्या तीच असते!

एकही स्ट्राइक न टाकता, प्रत्येक फ्रेमला नऊ आणि स्पेअर असं केलं आणि दहाव्या फ्रेमनंतर मिळणाऱ्या जादा बॉललाही नऊ पाडल्या तर १९० होतात. आपल्यातल्या बहुतेकांनी १९० आनंदाने घेतले असते. तरीही स्पेअर चुकला की माणूस पुढच्या फ्रेममध्ये स्ट्राइकने भरपाई करायला जातो, हात जोरात ओढतो, बॉल हेड पिनच्या (सगळ्यांत पुढच्या पिनच्या) तोंडावर बसतो आणि स्प्लिट (एकमेकींपासून लांबच्या पिना) उरतो. माझ्या मते लीगमधली निम्मी-अधिक घसरगुंडी याच एका सवयीतून सुरू होते.

एकेकटी पिन चुकते त्याचं काय करू?

डावीकडच्या पिनांसाठी ३-६-९ ची जुनी रीत पुरते. स्ट्राइकसाठी जिथे उभे राहता तिथून २ नंबरच्या पिनसाठी तीन बोर्ड (लेनच्या उभ्या फळ्या) उजवीकडे सरका, ४ साठी सहा, ७ साठी नऊ. नजर स्ट्राइकच्याच बाणावर (नेम धरायला लेनवर असलेल्या खुणेवर) ठेवा आणि त्या पिनच्या दिशेने तोंड करून चाला. सरकायला लोक विसरत नाहीत, पण सरकल्यावर खांदे जुन्याच दिशेला राहतात. तिथे गडबड होते.

उजवीकडच्या १० नंबरच्या पिनची गोष्ट वेगळी. लेनवर तेल लावलेलं असतं आणि कडेला ते कमी असतं, त्यामुळे हूक होणारा (वळण घेणारा) बॉल तिथून आत वळतो आणि पिनच्या डावीकडून निघून जातो. यावर प्लॅस्टिकचा बॉल हाच उपाय. तो तेलाची फारशी पर्वा करत नाही, सरळ जातो. डावीकडे उभं राहून चौथ्या, म्हणजे मधल्या बाणावरून तिरका टाका. स्वतःचा प्लॅस्टिक बॉल नसेल तर सेंटरच्या रॅकवरचा घ्या, बोटं नीट बसणारा. त्याला नावं ठेवणारा टीममेट दर आठवड्याला १० ची पिन किती वेळा चुकवतो, तेही मोजा.

सरावाला गेलात की एक गेम असा खेळा: पहिला बॉल मुद्दाम ७ च्या पिनला, दुसरा १० च्या. मधल्या पिना पडू नयेत. कंटाळवाणं आहे, पण उपयोगाचं आहे.

पहिला गेम १८०, दुसरा १६०, तिसरा १३०. माझा दम कमी पडतोय का?

बहुधा नाही. लेन बदलली, तुम्ही बदलला नाहीत.

फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेघेपासून) हेड पिनपर्यंत ६० फूट. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेल असतं. लीगला जो नेहमीचा पॅटर्न घालतात त्यात ते मध्ये दाट आणि कडेला पातळ असतं. बॉल थोडा बाहेर गेला तर कोरड्या भागातून परत वळतो, थोडा आत राहिला तर तेलावरून घसरत सरळ जातो, आणि दोन्ही वेळा पॉकेटच्या (हेड पिन आणि ३ नंबरची पिन यांमधल्या फटीच्या) आसपास पोचतो. तुमच्या चुका लेन झाकून घेते. रिअॅक्टिव्ह (जास्त वळणारे) बॉल मात्र तेल शोषतात, आणि दोन्ही टीममधले आठ-दहा जण दुसऱ्या बाणाच्या आसपासच टाकत असतात. तासाभरात त्या वाटेवरचं तेल संपतं. मग तोच बॉल, त्याच वेगाने, त्याच बाणावरून टाकला तरी लवकर वळतो आणि हेड पिनच्या तोंडावर आदळतो. तुम्हाला वाटतं हात बिघडला.

उपाय: पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. पुन्हा तोंडावर बसला तर पुन्हा तेवढंच. लेनला ३९ बोर्ड असतात, जागा भरपूर आहे. चौथ्या फ्रेममध्ये सरकावं लागलं तर चौथ्यात सरका, पुढच्या गेमची वाट बघू नका. 'चांगला टाकला होता, तरी स्प्लिट पडला' असं दोनदा म्हणालात की सरकायची वेळ होऊन गेलेली असते.

तेलाचं महत्त्व किती ते जुन्या एका प्रकरणावरून कळतं. १ जुलै १९८२ ला कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा इथे ग्लेन अॅलिसन यांनी लीगच्या रात्री तीनही गेममध्ये ३०० (गेमचे पूर्ण गुण) टाकले, ९०० ची सीरीज. त्यावेळच्या अमेरिकन बॉलिंग काँग्रेस या नियामक संस्थेने लेनची तपासणी केली आणि तेल नियमात बसत नाही म्हणून विक्रम नाकारला. छत्तीस स्ट्राइक टाकूनही! पहिली मान्य ९०० यायला १९९७ साल उजाडलं. नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये जेरेमी सोनेनफेल्ड या विद्यार्थ्याने ती टाकली. तेव्हा १३० पडल्यावर सगळा दोष स्वतःच्या खांद्यावर घेण्याआधी खाली लेनकडे बघा.

माझं उलटं आहे, पहिलाच गेम वाईट जातो.

ऑफिसमधून थेट येऊन, बूट बांधता बांधता सराव संपतो. पंधरा मिनिटं आधी या. सरावाचे पहिले दोन बॉल हळू टाका, नंतरचे स्ट्राइकसाठी, आणि निदान एक १० च्या पिनसाठी. दोन्ही लेनवर टाका. शेजारच्या लेनचं वागणं वेगळं असू शकतं.

बॉल पूर्वीसारखा वळत नाही. बॉल मेला का?

शक्य आहे. शोषलेलं तेल बॉलच्या आत साठत जातं आणि वरचा खरखरीतपणा गुळगुळीत होतो. पन्नास-साठ गेमनंतर पृष्ठभाग घासून घ्यावा लागतो; हे काम प्रो शॉप (बॉलिंगच्या सामानाचं दुकान) करतं, तेल काढूनही देतं. नव्या बॉलच्या मानाने हा खर्च अगदी थोडा आहे.

रोजची काळजी त्याहून सोपी. प्रत्येक वेळी टाकण्याआधी टॉवेलने तेल पुसा आणि रात्री घरी जाण्याआधी क्लीनरने साफ करा. खेळ चालू असताना क्लीनर वापरू नका: १ ऑगस्ट २०१९ पासून यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बॉलिंगच्या नियामक संस्थेच्या) नियमाने सामन्यादरम्यान फक्त कोरडा टॉवेल चालतो. सामना सुरू झाल्यावर बॉल घासताही येत नाही.

आणि हात? बॉल कधी लवकर सुटतो, कधी अडकतो.

अंगठ्याचं भोक बघा. मला कोणी नुसतं 'फॉर्म गेला' म्हणालं तरी मी आधी हेच विचारतो.

अंगठ्याची जाडी दिवसभरात बदलते, ऋतूनुसार बदलते, वजन कमी-जास्त झालं की बदलते. भोक किंचित सैल झालं की बॉल पडेल या भीतीने आपण नकळत तो आवळून धरतो. आवळला की मनगट आणि दंड ताठ होतात, झोका मोकळा राहत नाही, अंगठा उशिरा निघतो आणि बॉल डावीकडे ओढला जातो. माणूस मग पावलं मोजत बसतो, मनगटाचा पट्टा विकत घेतो, यूट्यूबवर रात्र काढतो. दुखणं अंगठ्यात आणि औषध पायाला, असा प्रकार.

भोकाच्या आत लावायची टेप मिळते. एक-एक पट्टी लावत किंवा काढत जा, जोवर बॉल न आवळता हातात राहतो आणि खाली सोडताना अंगठा अलगद निघतो. बॅगेत टेप आणि छोटी कात्री कायम ठेवा आणि रात्रीत दोन-तीनदा बदल करायला कचरू नका. अंगठ्याच्या मागच्या बाजूला फोड किंवा बोटांच्या पेरांना दुखणं असेल तर स्पॅन (अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) चुकला असू शकतो. बॉल घेऊन प्रो शॉपमध्ये जा. मनगट किंवा कोपर आठवड्याहून जास्त दुखत असेल तर डॉक्टरकडे.

जानेवारीत दर वर्षी माझी सरासरी पडते. थंडीचा संबंध असतो?

असतो. थंड, कोरड्या हवेत बोटं बारीक होतात, म्हणजे पुन्हा वरचाच अंगठ्याचा प्रश्न. त्यात ख्रिसमसच्या सुट्टीने दोन आठवडे खंड पडलेला असतो.

बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका. कडाक्याच्या थंडीतून एकदम गरम हॉलमध्ये आणला की त्यावर दव धरतं, आणि तापमान असं सतत वर-खाली होत राहिलं तर तडाही जाऊ शकतो. आदल्या रात्रीच घरात आणा.

बुटांकडे तर जिवापाड लक्ष द्या. पार्किंगमधला बर्फ आणि मीठ दुसऱ्याच्या बुटांतून आत येतं, त्याचं पाणी बसायच्या जागेपर्यंत पोचतं. घसरणारा तळवा ओला झाला की पाय जागीच चिकटतो आणि शरीर पुढे जातं. स्कोअरचं सोडा, गुडघा जाईल. खाण्याच्या काउंटरकडे किंवा बाथरूमला जाताना बुटांवर कव्हर चढवा. एकदा पाय अडकला की पुढचे कितीतरी आठवडे माणूस फाउल लाइनजवळ बिचकत येतो, आणि ते बिचकणं फॉर्म गेल्यासारखंच दिसतं.

आमच्या सेंटरने दोरीला बांधलेल्या पिना बसवल्या. तेव्हापासून स्ट्राइक कमी झाले.

तुमची काही चूक नाही. दोरीच्या पिना वेगळ्या उडतात आणि एकमेकींना वेगळ्या लागतात. यूएसबीसीने २०२३ मध्ये त्यांना मान्यता दिली ती स्वतंत्र प्रकार म्हणूनच. जुन्या सरासरीशी तुलना बंद करा.

नवा बॉल घेऊ का?

फॉर्म गेलेला असताना नको. नव्या बॉलने पहिले दोन आठवडे बरं वाटतं, मग स्पेअर पुन्हा पूर्वीसारखेच चुकतात. प्लॅस्टिकचा नसेल तर तेवढा घ्या.

टेक्निकमध्ये काय बदलू?

एका वेळी एकच गोष्ट, आणि तीही व्हिडिओ बघितल्यावर. फोन मागून आणि बाजूने लावा. मागून बघा की बॉल ज्या बाणावरून गेला असं तुम्हाला वाटतं, त्यावरून खरंच गेला का. बरेच जण तीन-चार बोर्ड चुकत असतात आणि त्यांना पत्ता नसतो. बाजूने बघा की बॉल सुटताना डावा पाय घसरून थांबत आलाय की अजून पळतोय. पाय आधी पोचला आणि हात मागे राहिला की खांद्याने ओढावं लागतं.

पाय घाईत असतील तर पहिलं पाऊल आणि बॉल पुढे ढकलणं बरोबर सुरू करा आणि पहिली दोन पावलं लहान टाका. झोका बिघडला असेल तर फाउल लाइनवर उभं राहून, न चालता, नुसता झोका देऊन दहा-पंधरा बॉल टाका. पिना मोजू नका.

लीगच्या रात्री यातलं काहीच डोक्यात नको. दुरुस्ती सरावाला, खेळ लीगला. यूएसबीसीचे प्रमाणित प्रशिक्षक बऱ्याच सेंटरांत असतात. टीममधल्या चौघांचे चार सल्ले ऐकण्यापेक्षा त्यांचा एक तास स्वस्त पडतो.

शनिवारी दुपारी सरावात २०० टाकतो, लीगला १४५. असं का?

कारण शनिवारी दुपारी मुलांचे वाढदिवस झालेल्या, तेल विस्कटलेल्या लेनवर तुम्ही खेळता. त्या लेनचा आणि लीगच्या लेनचा संबंध नाही. शिवाय तिथे एकटे असता, चार मिनिटं थांबावं लागत नाही, एका लयीत टाकत जाता. सरावात स्कोअर बघूच नका. दोन बॉलच्या मध्ये बसा, पाणी प्या, मग उठा.

दहाव्या फ्रेममध्ये हात थरथरतो.

डेल बॅलार्ड ज्युनियर हे नाव लक्षात ठेवा. १९९१ च्या फेअर लेन्स ओपनच्या फायनलमध्ये, टीव्हीवर, दहाव्या फ्रेमला त्यांनी हवे असलेले दोन्ही स्ट्राइक टाकले. जिंकायला शेवटच्या बॉलला सात पिना हव्या होत्या. बॉल गटरमध्ये (लेनच्या कडेच्या नालीत) गेला आणि पीट वेबर जिंकले. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, बॅलार्ड यांनी यूएस ओपन जिंकली.

उठल्यापासून बॉल सोडेपर्यंतचा क्रम रोज एकच ठेवा: टॉवेल, हात सुकवणं, पाय बोर्डवर, एक श्वास, बाणाकडे नजर, चाल. पहिल्या फ्रेमला जे करता तेच दहाव्याला, एका सेकंदानेही जास्त थांबू नका.

लय ही नुसती कल्पना आहे का, असंही विचारतात. २००४ मध्ये 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकात पीबीए या अमेरिकन संघटनेच्या व्यावसायिक खेळाडूंच्या आकड्यांवर एक अभ्यास आला. त्यात आधी स्ट्राइक पडले असतील तर पुढचा पडण्याची शक्यता वाढलेली दिसली. म्हणजे लय लागते, आणि त्याच हिशेबाने जातेही.

माझ्यामुळे टीम हरतेय असं वाटतं.

हँडिकॅप लीग (कमी सरासरीच्या खेळाडूला स्कोअरमध्ये जादा पिना देणारी) असेल तर तुम्हाला वाटतं तितकं नाही. समजा २२० आणि तुमची सरासरी यांच्यातल्या फरकाच्या ९० टक्के हँडिकॅप आहे. सरासरी १६५ असताना ४९ मिळत होते. ती १५८ वर आली की ५५ मिळतात. सात पिना गेल्या, सहा परत आल्या. फक्त सरासरी हळू पडते, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे टीमला खरोखर फटका बसतो.

कॅप्टनला सांगून क्रम बदलून घ्या. शेवटचा नंबर थोडे दिवस दुसऱ्याला द्या, मध्ये खेळा. आमच्याकडे शेवटी खेळणं म्हणजे पंगतीतला मानाचा पाट असल्यासारखं वागतात, त्यामुळे हे बोलायला धीर लागतो.

मग सरासरी मुद्दाम पाडून हँडिकॅप वाढवला तर?

ती फसवणूक आहे. नियमात शिक्षा आहे, आणि दोन महिन्यांत सगळ्यांना कळतं.

लेक म्हणते, "बाबा, दोन हातांनी टाका." टाकू का?

लेकीचं म्हणणं चुकीचं नाही. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे दोन हातांनीच टाकतो आणि पीबीएच्या १५ मेजर (सर्वांत मोठ्या) स्पर्धा त्याने जिंकल्या आहेत. पण पावलं, वेग, उभं राहायची जागा, सगळं पुन्हा शिकावं लागतं, आणि पन्नाशीच्या पाठीला ते वाकणं किती झेपेल ते आधी बघा. उन्हाळ्यात, लीग संपल्यावर करून बघा.

बिअर?

पहिला गेम संपेपर्यंत नको. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

डिसेंबरात महिनाभर पुण्याला जातोय. हात जाईल का?

जाणार नाही, थोडा गंजेल. तिथे मॉलमध्ये लेन असतात, पण बॉल तिथलेच वापरावे लागतात आणि तेलाचा भरवसा नसतो. हूकच्या नादी न लागता सरळ बॉलने एकेकट्या पिना पाडा. भाच्यांना मजा येते आणि तुमचा १० च्या पिनचा सराव होतो. परत आल्यावर लीगच्या आधी अंगठ्याची टेप नव्याने बसवून घ्या. महिनाभराच्या पाहुणचारानंतर अंगठा तोच राहत नाही.

एखादा आठवडा सुट्टी घेतली तर बरं वाटेल?

कधीकधी वाटतं. बदली खेळाडू असेल तर निर्धास्त जा. नसेल तर बऱ्याच लीगमध्ये गैरहजर खेळाडूची सरासरी वजा १० असा स्कोअर धरतात. तुमच्या लीगचा नियम बघून घ्या. म्हणजे सध्या तुम्ही सरासरीच्या वीस पिन खाली खेळत असाल तर तुम्ही न येणं टीमला गेममागे दहा पिनांनी फायद्याचं आहे. कॅप्टन इंजिनिअर असेल तर त्याने हे गणित आधीच केलेलं असणार.